तिसऱ्या कॉम्प्युटरचं नाव

औंढ्यात नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर अंगदचं लग्नपत्रिकांचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. २००९ च्या लगीनसराईत एका सकाळी त्यानं कॉम्प्युटर चालू केला, उदबत्ती पेटवली आणि ती हातात तशीच धरून तो पडद्याकडं बघत राहिला. त्याचे सगळे शब्द निळे झाले होते.

शब्द म्हणजे मेंढरं राखणाऱ्यांचे. अंगद आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र प्रभू असे दोघं मिळून ते जमवत होते. अंगदचं घर मेंढपाळाचं, सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या एका गावातलं. त्याचा बाप नामाजी वारला तेव्हा तेराव्याला आलेल्या प्रभूनं सहज विचारलं होतं, "काका त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्याच्या मेंढीला काय म्हणायचे रे?" अंगदला आठवलं नाही. बापामागं रानोमाळ फिरलेल्या पोराला तो शब्द आठवू नये, हे त्याला फार लागलं. पुढं शेजारच्या वस्तीवरल्या एका म्हाताऱ्यानं तो सांगितला: बांडी. तिथून दोघांना नादच लागला. मेंढरांची नावं, गवतांची नावं, दुखण्यांची, हाकांची. जो शब्द मिळेल तो कॉम्प्युटरवर टिपून ठेवायचा.

प्रभू हिंगोलीला मास्तर होता. त्याच्या घरी एक कॉम्प्युटर, अंगदच्या दुकानात एक. नोंदी ठेवायचा प्रोग्राम दोघांकडं सारखा. दर रविवारी प्रभू शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह घालून एसटीनं औंढ्याला यायचा. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून दोघं बसायचे, कुणाची नोंद नवी, कुणाची जुनी हे बघत दोन्हीकडचं एकसारखं करायचे. काम तासाभराचं, पण एकेका शब्दावरून भांडता भांडता जेवणाची वेळ टळून जायची. मग अंगदची बायको वैष्णवी डबा घेऊन दुकानात यायची आणि दोघांनाही झापायची.

दिवाळीनंतर दोघांकडं ब्रॉडबँड आलं. प्रभूनं कुठून तरी एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं आणि दोन्ही कॉम्प्युटरवर टाकलं. आता इकडं नोंद केली की तिकडं आपोआप उमटायची. नोंदीच नव्हे, प्रोग्रामच्या सेटिंगसुद्धा. अक्षर कोणतं, रंग कोणते, फोल्डर कोणत्या क्रमानं, सगळं दोन्हीकडं एक.

"आता एसटीत धक्के खायचं काम न्हाई," प्रभू फोनवर म्हणाला होता.

सुरुवातीला अंगदलाही मजा वाटली. पत्रिका जुळवता जुळवता पडद्याच्या कोपऱ्यात प्रभूनं लिहिलेला शब्द येऊन पडायचा. जणू भिंतीपलीकडं तो बसलाय. पण पुढचा रविवार आला आणि प्रभू आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. यायला कारणच उरलं नव्हतं. रविवारी शटर अर्धं ओढून अंगद एकटाच बसू लागला. ह्याबद्दल तो कुणाला काही बोलला नाही. बोलण्यासारखं त्यात काय होतं?

आणि आज हे निळे शब्द. अंगदनं गवतांना हिरवा, मेंढरांच्या नावांना पिवळा आणि हाकांना लाल रंग दिला होता. ते सगळे गेले. त्याचं ठळक अक्षर जाऊन बारीक, किरटं अक्षर आलं होतं. गावागावांचे त्यानं केलेले फोल्डरही मोडून सगळं अ-आ-इ-ई प्रमाणं लागलं होतं. त्यानं प्रभूला फोन लावला.

"प्रभ्या, आपल्यात व्हायरस घुसला. रंग बदलले, फोल्डर बी मोडले."

प्रभू हसला. "व्हायरस न्हाई रे. रागिणीनं केलं असंल."

"कोण रागिणी?"

"अरे, आमच्या शाळंतल्या बाईंची भाची. परभणीला शिकून राहिली. मेंढरावरच अभ्यास हाय तिचा. सांगितलं होतं की तुला. म्या तिच्या लॅपटॉपवर आपलं टाकून देलं."

"आपलं टाकून देलं?"

"व्हय. लय हुशार पोरगी हाय. तुझ्या नोंदी वाचून पागल झाली."

अंगदनं "बरं" म्हणून फोन ठेवला. मग सॉफ्टवेअरमध्ये जाऊन कॉम्प्युटरांची यादी उघडली. आजवर तिथं दोनच नावं असायची. आता तीन होती. तिसऱ्या ओळीत 'रागिणी', आणि जोडल्याची तारीख संक्रांतीच्या आधीची. म्हणजे एवढे दिवस त्यानं लिहिलेलं सगळं ही पोरगी वाचत होती. शब्दाखाली प्रभूसाठी मारलेले टोमणेसुद्धा. 'प्रभ्या, हे तुझ्या सासऱ्याला विचार, त्याला बी शिंगं हायत' असं त्यानं एके ठिकाणी लिहिलं होतं. तो घाईघाईनं ती नोंद शोधायला गेला. टोमणा तिथंच होता. त्याच्याखाली किरट्या निळ्या अक्षरात कुणीतरी हसणारं तोंड काढलं होतं.

अंगदला कानशिलं तापल्यासारखं झालं. त्यानं सगळे रंग पुन्हा होते तसे केले, अक्षर ठळक केलं, फोल्डर लावले. दुपारपर्यंत पत्रिकेचं एकही काम झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं परत निळं.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी दुकान बंद करताना अंगद रंग बदलून जायचा. सकाळी येऊन बघावं तर निळं. एक दिवस तर तिनं हाकांचा फोल्डरच 'ध्वनी' असं नाव देऊन शेवटाला नेऊन ठेवला. अंगदला ते इतकं झोंबलं की जेवतानाही त्याच्या तोंडून निघालं, "ध्वनी म्हणं! हाकंला कुणी ध्वनी म्हणतं काय?"

वैष्णवीनं ताटात भाकरी वाढली आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. "कवापास्नं बघून राहिले मी. जेवणात ध्यान न्हाई, दुकानात ध्यान न्हाई. तुमाला सवत आली म्हणा की."

"कायबी बोलू नको."

"खोटं हाय काय? परभूभावजी तिच्यासंगं बोलतेत म्हणून तुमचा जीव जळून राहिला. बायामाणसांत ह्याला सवतीमत्सरच म्हणतात. पुरुषांत काय म्हणतात ते तुमी सांगा."

अंगदनं ताट पुढं सारलं आणि हात धुतला. 

दोन दिवसांनी प्रभूचा फोन आला. "अंगद, रंग तू बदलून राहिला काय? रागिणी म्हणते तिचा लॅपटॉप बिघडला. रोज सेटिंग मोडते."

"म्या कशाला बदलू?" अंगद म्हणाला. "मशीनच असंल तिची तशी."

खोटं बोलल्यावर त्याला थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच मग लाज वाटली.

त्या रविवारी कुणाला न सांगता तो मोटरसायकलवरून हिंगोलीला गेला. प्रभूच्या घराचं दार उघडंच होतं. आत टेबलाशी प्रभू बसला होता आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर एक सावळी, चष्मा लावलेली मुलगी. टेबलावर पोह्यांच्या रिकाम्या बश्या. दोघं कशावरून तरी भांडत होते. प्रभू टेबलावर हात आपटून म्हणत होता, "अगं, बुची म्हणजे कान कापलेली न्हाई! जन्मतःच जिचे कान बारीक असतेत ती. नामाजीकाका म्हणायचे, बुचीला काटा ऐकू येत न्हाई पण लांडगा ऐकू येतो."

अंगद उंबऱ्यातच थांबला. ते वाक्य त्याच्या बापाचं होतं. त्यानंच ते प्रभूला सांगितलं होतं, दुकानात, अर्ध्या शटरमागं. आणि ते भांडणही त्यांचंच होतं, शब्दनशब्द.

"अरे, अंगद! ये, ये." प्रभू उठला. त्याला खरोखर आनंद झाला होता; अंगदला तो खोटा असता तर बरं वाटलं असतं.

रागिणीही उठून उभी राहिली. "नमस्कार अंगददादा. मी तुम्हाला भेटायचं कधीपासून म्हणत होते. तुमच्या नोंदी इतक्या चांगल्या आहेत ना! फक्त ते रंगांचं काहीतरी होतंय बघा. तुमच्याकडं पण होतं का?"

"न्हाई," अंगद म्हणाला.

प्रभूच्या बायकोनं चहा आणला. प्रभू उत्साहानं सांगत होता, की ह्या सगळ्याचं पुस्तक करायचं, रागिणीच्या सरांनी छापायची तयारी दाखवलीय, प्रस्तावना रागिणी लिहील. अंगद बशीत चहा ओतून गार होईपर्यंत बघत राहिला.

"बुचीचं ते म्या सांगितलं होतं," तो मध्येच म्हणाला.

"व्हय की," प्रभू म्हणाला. "तुझं काय न् माझं काय, सगळं एकच हाय आता."

दोन महिन्यांपूर्वी हेच वाक्य अंगदला गोड लागलं असतं. निघताना प्रभू फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "रागिणीला वस्तीवर चार दिवस ऱ्हायचंय, मेंढरं बघायला. तुझ्या गावाकडं..." अंगदनं पुढचं ऐकलंच नाही. 'हूं, हूं' करत त्यानं गाडीला किक मारली. येताना रस्ताभर त्याच्या डोळ्यांपुढं ती शेजारची खुर्ची होती.

मंगळवारी लाईट दुपारी आली. औंढ्यात तेव्हा भारनियमन असायचं आणि लाईट आली की सगळ्या बाजाराची धांदल उडायची. अंगदच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक उभं असूनही त्यानं त्याला उद्या या म्हणून सांगितलं. त्याचा विचार पक्का झाला होता. ह्या सगळ्यातून आपल्या नोंदी काढून घ्यायच्या. तिला लिहायचंय ना, लिहू दे तिच्या बळावर. आधी त्यानं यादीतून तिसरं नाव उडवायचा प्रयत्न केला, पण त्याचा पासवर्ड प्रभूकडं होता. मग त्यानं पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर नोंदींच्या फोल्डरचं चित्र होतं, प्रभूनंच कधीतरी सोयीसाठी ठेवलेलं. ते उचलून त्यानं पेनड्राइव्हमध्ये टाकलं. क्षणात गेलं. एवढ्या नोंदी इतक्या झटक्यात कशा गेल्या, हा विचार एरवी त्याला पहिला सुचला असता. मग त्यानं मूळ फोल्डर उघडला, सगळं निवडलं आणि कचऱ्याच्या पेटीतही राहू नये अशा रीतीनं पुसून टाकलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत गेली. तिकडं रागिणीच्या लॅपटॉपवरूनही आता हे असंच सरकत असेल, ह्या कल्पनेनं त्याला आतून गुदगुल्या झाल्या.

तहान लागली म्हणून तो माठाकडं गेला. पाणी पिऊन आला आणि पेनड्राइव्ह उघडला. फोल्डर उघडेना. त्यानं नीट पाहिलं. चित्राच्या कोपऱ्यात छोटासा बाण होता. तो फोल्डर नव्हताच. फोल्डरकडं नेणारा नुसता रस्ता होता, आणि रस्ता जिथं जात होता ते घरच त्यानं मोडून टाकलं होतं. असा नुसता बाण पेनड्राइव्हमध्ये घालून प्रिंट काढायला येणाऱ्या पोरांना तो स्वतः रोज हसायचा.

त्यानं पुसलेलं परत काढणारं एक सॉफ्टवेअर चालवलं. ज्या फायली निघाल्या त्यांत अक्षरांच्या जागी नुसते चौकोन होते. तेवढ्यात फोन वाजला.

"अंगद," प्रभूचा आवाज घाबरा होता. "माझ्याकडचं सगळं गेलं रे. डोळ्यादेखत गेलं. तुझ्याकडं हाय ना?"

अंगदनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. प्रभूकडचंही जाणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. रागाच्या भरात त्याच्यासमोर ती एकच मशीन होती.

"माझ्याकडचं बी गेलं," तो कसंबसं म्हणाला.

 प्रभू म्हणाला, "थांब, थांब. रागिणीचा लॅपटॉप दोन दिवस झाले नेटवर न्हाई. तिच्याकडं असंल सगळं अजून! पण तिच्याजवळ ते नेटचं डोंगल हाय. रेंजमंदी येऊन तिनं ते लावलं की तिच्याकडचं बी साफ होईल. तिचा फोन लागून न्हाई राहिला. तू जातो काय? तुला जवळ हाय."

"कुठं?"

"अरे कुठं म्हंजे? तुझ्या गावाला. तुझ्या माईपाशी ऱ्हायली ना ती."

अंगदनं शटर पूर्ण खाली ओढलं आणि गाडी काढली. सिद्धेश्वरच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याच्या मनात एकच गोष्ट होती, नोंदी वाचवायच्या. पण पुढं कालव्याच्या कडेनं गाव जवळ येऊ लागलं तसं दुसरं काहीतरी वर येऊ लागलं. माझ्या माईपाशी. प्रभू झाला, आता माय.

गावाच्या अलीकडंच माळावर त्याला मेंढरं दिसली. त्याची माय, सुभद्राबाई, बाभळीच्या सावलीत बसली होती आणि तिच्यापुढं मांडी घालून रागिणी. रागिणीच्या हातात आवाज टिपायचं एक बारकं यंत्र होतं. सुभद्राबाई तोंडाशी हात नेऊन हाका घालत होती. एक पाण्याकडं न्यायची, लांबवत जाणारी. एक सडकेवर थांबवायची, तुटक. एक अंधारून आल्यावर गोळा करायची. ह्या हाकेला लांबवरची मेंढरंही माना वर करून बघू लागली आणि दोघी हसत सुटल्या. सुभद्राबाईला पदर तोंडाला लावून हसताना अंगदनं बाप गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"आलास व्हय?" ती म्हणाली. "बघ की, ह्या पोरीला किती हौस! माझ्या हाका मशीनमंदी भरून राहिली."

"माय, ह्या हाका मला कदी सांगितल्या न्हाईत तू." तो आला होता कशासाठी आणि बोलत होता काय! "म्या चार वर्सं झाली शब्द गोळा करून राहिलो. लोकाच्या वस्त्या धुंडल्या."

सुभद्राबाईनं हातातली काठी जमिनीवर आडवी ठेवली. "तुला कशा सांगू? औंढ्याला शिकत होतास तवा मी बाजारात तुला हाक मारली, अशीच, लांबून. तू मान खाली घालून निघून गेलास. सांजच्याला घरी येऊन म्हणलास, माय, लोकात असं वरडत जाऊ नको, पोरं हसतेत. तवापास्नं तुझ्यापुढं तोंड दाबूनच बोलते मी."

अंगदला तो दिवस आठवत होता. ती विसरली असेल असं तो धरून चालला होता.

रागिणी अवघडून उठली. "मी पाणी आणते," ती म्हणाली.

"थांबा," अंगद म्हणाला. "लॅपटॉप कुठंय? नेट लावलं काय तुमी?"

"नाही. बॅटरीच संपलीय, गावात कालपासून लाईट नाही. आता तुमच्याच दुकानात येणार होते, चार्जिंगला आणि नेटला. काय झालं?"

त्यानं सांगितलं, की दोन्हीकडचं पुसलं गेलंय. तिच्याकडं तेवढं उरलंय. रागिणीच्या तोंडचं पाणी पळालं. "कुणी पुसलं पण? असं आपोआप कसं होईल?"

मशीन बिघडली असेल, असं म्हणणं सोपं होतं. एकदा ते चाललंही होतं. पण माय समोर बसली होती, आणि नुकतंच तिनं जे सांगितलं त्यानंतर तिच्यापुढं खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"म्या पुसलं," तो म्हणाला. "माझ्या नोंदी तुमच्याकडं ऱ्हाऊ नयेत म्हणून. बाकीच्यांच्या जातील हे ध्यानात आलं न्हाई."

"म्हणजे ते रंग पण...?"

"व्हय."

रागिणीनं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसला. डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसू द्यायचं नव्हतं. "मी लॅपटॉप घेऊन दुकानातल्या माणसाकडं गेले होते, दादा. तो म्हणाला मशीन चांगली आहे, तुम्हालाच वापरता येत नाही. शाळेतल्या आत्यानं ऐकवलं ते वेगळंच. तुम्हाला माझं नाव नको होतं तर मला सांगायचं. मी तुमच्या नोंदी रोज रात्री वाचत होते, म्हणून इथपर्यंत आले."

"तुमी माझ्या मित्राला..." अंगद थांबला. पुढचं वाक्य पुरं केलं असतं तर ते एखाद्या पोरासारखं वाटलं असतं.  सुभद्राबाई उठली, काठी घेतली आणि म्हणाली, "अंगद, आदी तिचं नीट करून दे. मग बोल काय बोलायचं ते." आणि मेंढरांकडं चालू लागली.

गावात लाईट यायला वेळ होता. सरपंचाच्या घरी इन्व्हर्टर होता, तिथं अंगद लॅपटॉप घेऊन गेला. रागिणी मागं मागं. लॅपटॉप सुरू झाल्यावर तिनं आधी सगळीकडचं आपोआप जुळवणारं ते सॉफ्टवेअर बंद केलं, मग नोंदींचा खरा फोल्डर शोधून अंगदच्या पेनड्राइव्हमध्ये घातला. ह्या वेळी पट्टी सावकाश सरकली. अंगदनं पेनड्राइव्ह उघडून एकेक नोंद बघितली. बांडी होती, बुची होती. प्रभूच्या सासऱ्याचा टोमणाही होता. सगळं निळ्या, किरट्या अक्षरात.

"माझं नाव तुम्ही काढून टाका आता," रागिणी म्हणाली. "मी माझ्या पुरतं लिहीन. आजीच्या हाका तेवढ्या मी ठेवते. त्या त्यांनी मला दिल्यात."

अंगदला ते वाक्य सरळ काळजात लागलं. पण त्यावर त्याचा काही हक्क नव्हता, हेही त्याला कळत होतं. त्यानं मान हलवली.

तिथून तो थेट हिंगोलीला गेला. प्रभू दारातच वाट बघत होता. पेनड्राइव्ह हातात देताच त्यानं अंगदला मिठी मारली, आणि त्या मिठीतच अंगदनं सगळं सांगून टाकलं. प्रभूचे हात सैल पडले. तो खुर्चीवर जाऊन बसला.

"तू मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या रे," तो म्हणाला. "फोन करून म्हणायचं, प्रभ्या, तू येत न्हाईस, मला करमत न्हाई."

"असं कोण म्हणतं?"

"न्हाई म्हणत," प्रभूनं मान्य केलं. "पण काहून पुसावं माणसानं? चार वर्सांचं?"

 चहा आला, दोघांनीही घेतला नाही. शेवटी प्रभूनं कॉम्प्युटर लावला आणि सेटिंगमध्ये शिरून बराच वेळ काहीतरी धुंडाळलं. "हे बघ," तो म्हणाला. "नोंदी तेवढ्या सगळीकडं जातील असं करता येतं. रंग, अक्षर, फोल्डरची लावणी, हे ज्याचं त्याच्याकडं. मला हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. आणि तिला जोडण्याआदी तुला नीट बसून सांगायला पाहिजे होतं. नुसतं फोनवर बोलून टाकलं म्या."

प्रभूनं रागिणीची समजूत काढली. ती लगेच आली नाही. महिन्याभरानं तिसऱ्या ओळीत तिचं नाव पुन्हा दिसलं, आणि तिच्या नोंदी येऊ लागल्या. पण त्यांत हसणारी तोंडं नव्हती, आणि अंगदला काही विचारायचं असलं तर ती प्रभूमार्फत विचारायची. पुस्तक पुढच्या दिवाळीआधी निघालं. तिघांची नावं आली. प्रस्तावना रागिणीनं लिहिली. तिच्यात अंगदबद्दल दोन ओळी होत्या, बरोबर आणि कोरड्या.

अंगद आता गावाकडं जास्त जाऊ लागला. मेंढरांमागं मायबरोबर फिरायचा. ती सांगायची, तो ऐकायचा, आणि सांगता सांगता तिचं बोलणं हमखास रागिणीवर यायचं. पोरीला नोकरी लागली काय, तिचं लग्न ठरलं काय, तिला ठेचा लय आवडायचा. अंगदला दर वेळी ते जुनं झोंबणं जाणवायचं. ते गेलं नाही. ते तसंच असतं, असं त्यानं मनाशी धरलं.

एका संध्याकाळी धरणाच्या भिंतीजवळ, जिथं मोबाईलला रेंज यायची, तिथं सुभद्राबाई म्हणाली, "अंगद, त्या पोरीला लाव बरं फोन. लय दिस झाले आवाज ऐकून."

अंगदनं नंबर काढला. पलीकडं घंटी वाजू लागली तसा त्यानं फोन मायच्या कानाला लावून दिला, आणि तिला मोकळं बोलता यावं म्हणून मेंढरं वळवायला उतारावर निघून गेला.